गाणे खुले करा, पण नाव कोरून!



दोन तारखा समोर ठेवतो : १ जानेवारी २०१७ आणि १ जानेवारी २०६५.

आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक गेल्यानंतर साठ वर्षे त्याच्या लिखाणावर मालकी चालते. मृत्यूनंतर येणाऱ्या नव्या वर्षापासून ही साठ वर्षे मोजतात. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. म्हणजे त्यांनी हयातीत छापलेली पुस्तके १ जानेवारी २०१७ पासून तुमची-आमची झाली. कुणीही छापावीत, कुणीही मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करावीत, कुणाला विचारायची गरज नाही.

आता वामनदादा कर्डक घ्या. देशवंडीचा हा माणूस १५ मे २००४ रोजी गेला. त्यांच्या गीतांवरची मालकी ३१ डिसेंबर २०६४ पर्यंत चालणार आहे. बाबासाहेबांचे शब्द आज मोकळे आहेत. पण ज्या गाण्यांनी बाबासाहेब अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या घरात नेले, ती गाणी २०६५ साल उजाडेपर्यंत कुलपात आहेत. आज जन्मलेले पोर तोवर चाळिशीला टेकेल.

हे कुलूप कुणी लावले, किल्ली कुणाकडे आहे, आणि यापुढची गाणी तरी या कुलपातून कशी वाचवायची, हा आजचा विषय आहे. बाबासाहेबांची एकही गोष्ट आपल्याला कुणी आयती दिलेली नाही. गाणीही कुणी देणार नाही.

दावा कोण करतो?

१४ एप्रिलला शिनोली-घोडेगावपासून जुन्नर-नारायणगावपर्यंत प्रत्येक वस्तीवर कार्यक्रम होतो. पेटी, ढोलकी, दोन माइक आणि चौथी शिकलेला पण शंभर गाणी पाठ असलेला एखादा गायक. पोरे मोबाइलवर चित्रण करतात आणि यूट्यूबवर चढवतात. दुसऱ्या दिवशी निरोप येतो की या ध्वनीवर अमुक कंपनीचा हक्क आहे. आमच्या वस्तीवरच्या चित्रणावरही असाच दावा आला होता. गाणारा आमचा, ढोलकी आमची, मंडप आमच्या वर्गणीचा, आणि त्यावर जाहिरात लागली तर पैसा जाणार त्या कंपनीला.

हे कसे घडते ते समजून घ्या. यूट्यूबने २००७ साली कंटेंट आयडी नावाची यंत्रणा सुरू केली. कंपन्या त्यांच्याकडची ध्वनिमुद्रणे तिथे जमा करतात. चढवलेला प्रत्येक आवाज यंत्र त्या साठ्याशी ताडून बघते. जुळला की दावा लागतो. यंत्राला बौद्धवाडा कळत नाही, जयंती कळत नाही. ज्याने नोंद केली तो मालक, एवढेच त्याला कळते. आणि नोंद करायची ऐपत कंपनीची असते, शाहिराची नसते.

आमच्या शेजारच्या ओतूरची गोष्ट आठवा. १८८० च्या दशकात तिथल्या सत्यशोधकांनी भटाशिवाय लग्ने लावली. वतनदार जोशी कोर्टात गेले. लग्न आम्ही लावले नसले तरी दक्षिणा आमची, कारण वतन आमचे, असा त्यांचा दावा. बाळाजी कुसाजी पाटलांवरचा हा खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. न केलेल्या कामाची दक्षिणा मागणारी ती वृत्ती आणि न गायलेल्या गाण्याचा पैसा मागणारा हा दावा, यांत फरक काय? तेव्हा वहीत नाव होते, आता यंत्रात आहे.

पण नुसते कंपनीच्या नावाने बोटे मोडून चालणार नाही. कायदा नीट वाचला पाहिजे. एका गाण्यात चार हक्क असतात. शब्द गीतकाराचे. चाल संगीतकाराची. ध्वनिमुद्रण ज्याने पैसा लावला त्या निर्मात्याचे. आणि सादरीकरणावर गायकाचा स्वतंत्र हक्क, तो पन्नास वर्षांचा. कॅसेटच्या जमान्यात आमच्या गायकांनी दिवसभराच्या मजुरीवर आवाज दिला, कागदावर सही किंवा अंगठा दिला आणि गावी परतले. ध्वनिमुद्रण कंपनीचे झाले. गीतकाराला वाटले शब्दही गेले. प्रत्यक्षात सगळे गेलेच असे नाही. लेखी आणि सहीच्या करारावाचून हक्क हस्तांतरित होत नाही, असे कॉपीराइट कायद्याचे कलम १९ सांगते. १९९४ ची दुरुस्ती लागू झाल्यानंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. किती गीतकारांच्या घरच्या पेटीत असे मुदत संपलेले कागद पडून असतील? आपण कधी ते उघडून पाहिले?

आणखी एक कडू गोष्ट. आपली कितीतरी भीमगीते सिनेमाच्या चालीवर आहेत. शब्द आपले, चाल उसनी. लोकांच्या तोंडी पटकन बसावे म्हणून ते केले गेले आणि त्या काळी त्याचा उपयोगही झाला. पण उसन्या चालीवर मालकाचा हक्क कायम राहतो आणि यंत्र ती पकडते. जलशाच्या शाहिरांनी पोवाडा, लावणी, गवळण, भारूड यांचे साचे घेतले आणि त्यांतला देव-धर्म काढून विचार भरला. ते साचे कुणाच्या बापाचे नाहीत. ज्याला स्वतंत्र गाणे हवे त्याने चालही स्वतःची बांधावी, नाहीतर आजीच्या ओवीची घ्यावी.

“गाणी समाजाची आहेत, परवाना कशाला?”

हा पहिला आक्षेप आपल्याच माणसांचा असतो. म्हणतात, भीमगीत म्हणजे समाजाची ठेव, त्याला कागद-परवाने कशाला, ज्याला हवे त्याने गावे. ऐकायला छान वाटते. पण ‘समाजाची’ म्हणताना आपण गुपचूप काय करतो? गाणाऱ्याचे नाव पुसतो. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या गाण्यांखाली गीतकाराचे नाव पाहिले आहे का? गायिकेचे गाव? नसते. आणि नाव नसलेली वस्तू ज्याच्या हाती लागेल त्याची होते.

काम करायचे, नाव लागू द्यायचे नाही, मोबदला मागायचा नाही, याला आपल्याकडे जुना शब्द आहे. वेठ. महार वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या हेच चालले. गावाचे काम म्हणून हाक आली की निघायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते यासाठीच. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. आणि आज आपणच आपल्या शाहिराला सांगतो की तुझे गाणे समाजाचे, तू गा आणि गप्प बस? ही चळवळीची भाषा नव्हे, ही पाटलाची भाषा आहे.

नाव पुसले की काय होते याचा दाखला आफ्रिकेतून देतो. सॉलोमन लिंडा नावाच्या झुलू गायकाने १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये ‘म्बुबे’ हे गाणे मुद्रित केले. पुढे तीच धून अमेरिकेत इंग्रजी शब्दांनिशी जगभर गाजली, डिस्नेच्या सिनेमातही गेली. लिंडा १९६२ साली गरिबीत गेला. त्याच्या मुलींना तडजोडीने काही हाती लागले ते २००६ साली, तेही कोर्टात भांडून. काळ्या माणसाचे गाणे ‘लोकसंगीत’ म्हटले की ते फुकट, आणि गोऱ्या कंपनीने छापले की ती मालमत्ता. हा न्याय आपल्याला नवा नाही.

उलटा दाखलाही आहे आणि तो आपल्या जिल्ह्यातून सुरू झालेला आहे. गी पॉइतेव्हँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतल्या बायकांबरोबर काम करता करता जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून निघाल्या. १९९६ साली बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात बायकांनी भीमरायावर गायलेल्या ओव्या मुद्रित झाल्या. २०१७ पासून ‘परी’, म्हणजे ग्रामीण भारताचे लोकसंग्रहालय, या ओव्या क्रमाने इंटरनेटवर प्रसिद्ध करीत आले. ऐकायला पैसे पडत नाहीत. आणि प्रत्येक ओवीखाली गाणारीचे नाव, गाव, तालुका, जात, धंदा लिहिलेला असतो. खुले आहे, पण निनावी नाही. जी बाई आयुष्यभर ‘अमक्याची बायको’ होती ती तिथे स्वतःच्या नावाने गाते.

जुन्नरच्या कातळात उत्तर कोरलेले आहे

खुला परवाना ही काही परदेशी फॅशन नाही. शिनोलीहून जुन्नर गाठा आणि लेणी पाहा. मानमोडी, शिवनेरी, तुळजा, लेण्याद्री मिळून दोनशेहून जास्त लेणी. त्यांवर ब्राह्मी लिपीत दानलेख आहेत. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले, तसे लेखात नाव आहे. शिवनेरीवर चित नावाच्या यवनाने भोजनमंडप दिल्याचा लेख आहे. धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार, अशा श्रेणींची नावे इथल्या लेखांत येतात. राजेरजवाडे थोडे, कामकरी आणि व्यापारी माणसे जास्त. त्यांनी दान संघाला दिले, पण नाव कातळात कोरून ठेवले.

दान दिले म्हणून नाव पुसले नाही, आणि नाव कोरले म्हणून दाराला कुलूप लावले नाही. खुला परवाना म्हणजे नेमके हेच.

आणि नावाचा उपयोग पाहा. लोक या लेण्यांना पांडवलेणी म्हणत आले. लेण्याद्रीच्या विहारात आज गणपती बसलेला आहे. तरीही ही लेणी बौद्धांची, हे कुणाला नाकारता येत नाही, कारण कातळावर देणाऱ्याचे नाव आणि दान कुणाला दिले ते लिहिलेले आहे. नाव नसते तर आपल्याकडे पुरावा काय उरला असता?

क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवाने २००२ साली निघाले. हक्क कलावंताकडेच राहतो, फक्त तो आधीच जाहीर करतो की अमुक अटींवर माझे काम कुणीही वापरा. पहिली अट, नाव द्या. दुसरी, हवी असल्यास, माझ्या गाण्यावर काही नवे केले तर तेही याच अटीवर खुले ठेवा. तिसरी, हवी असल्यास, धंद्यासाठी वापरू नका. चौथी, हवी असल्यास, बदल करून प्रसिद्ध करू नका. ब्राझीलचा कृष्णवर्णीय गायक जिल्बर्तो जिल त्या देशाचा सांस्कृतिक मंत्री असताना या परवान्यांच्या बाजूने उभा राहिला होता.

माझे मत स्पष्ट आहे. भीमगीतांना पहिल्या दोन अटी लावाव्यात : नाव द्या आणि पुढचेही खुले ठेवा. दुसरी अट हेच आपले खरे हत्यार आहे. तिच्यामुळे कंपनीला आपले गाणे घेऊन, त्यावर वाद्ये चढवून, स्वतःच्या कुलपात ठेवता येत नाही. ‘बदल नको’ ही अट मात्र टाळा. पोराला आजीच्या ओवीखाली ढोलकीचा ठेका टाकायचा असेल तर त्याला अडवून आपण काय मिळवणार?

“मग कलावंताने खायचे काय?”

हा दुसरा आक्षेप, आणि तो प्रामाणिक आहे. ज्याच्या चुलीवर भांडे रिकामे आहे त्याला दानाचे प्रवचन देणारा मी कोण? म्हणून उत्तर हिशोबाने देतो.

कुलपाने आजवर कुणाचे पोट भरले? नारायणगाव ही तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पदके मिळाली. २००२ साली त्या हलाखीत गेल्या. आता सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते. त्यांच्या कलेवर कमावले ते कोण, हे मी सांगायला नको. आमच्या शाहिरांना मानधन मिळते ते कार्यक्रमाच्या सुपारीतून. गाणे जितके दूर जाते तितकी सुपारी दुरून येते. गाणे बंद ठेवून सुपारी वाढल्याचे मी पाहिलेले नाही.

तरी सगळेच खुले करा असे मी म्हणत नाही. खुला परवाना एकदा दिला की दिलेल्या प्रतींबाबत तो मागे घेता येत नाही, हे समजून सही करावी. ज्या अल्बमवर घर चालते तो खुला करू नका. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीत बरोबरीचा वाटा मिळण्याचा हक्क दिला आहे, तो मागा. वस्तीवरचे सादरीकरण, नवशिक्याची पहिली गाणी, म्हाताऱ्या माणसांच्या ओव्या आणि आठवणी, पुस्तकांचे वाचन, यांतून कंपनी एरवीही दमडी देत नाही. ते खुले करा. आणि जयंतीच्या वर्गणीतून डीजेच्या भिंतीवर हजारो रुपये उधळणाऱ्या मंडळांनी त्यातला एक हिस्सा नवे गाणे बांधणाऱ्याला आगाऊ द्यावा, लेखी द्यावा. मोबदला आधी, मग खुलेपणा. पैसे न देता ‘समाजासाठी खुले कर’ म्हणणे ही पुन्हा वेठच.

बाबासाहेबांनी स्वतः काय केले? १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाला भाषणातला मजकूर खटकला. बाबासाहेबांनी तो बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने पंधराशे प्रती छापून लोकांपुढे ठेवले. दुसरी आवृत्ती निघेपर्यंत गुजराती आणि तमिळ भाषांतरे झाली होती. धडा सरळ आहे. आधी आपल्या शब्दांची मालकी आपल्या हातात ठेवा, मग ते शब्द जाऊ द्या जिथे जायचे तिथे. खुले करण्याचा अधिकारही मालकालाच असतो. ज्याने अंगठा देऊन सगळे घालवले, त्याला दान करायलाही काही उरत नाही.

तिसरा आक्षेप गैरवापराचा. आपले गाणे विरोधक विद्रूप करतील. करतील ना. पण जो विद्रूप करणार आहे तो आजही परवानगी मागत नाही. कुलूप फक्त आपल्याच माणसांना अडवते : शाळेतल्या मास्तरला, माहितीपट करणाऱ्या पोराला. शिवाय हे परवाने कुणालाही ‘कलावंताचा आम्हाला पाठिंबा आहे’ असे भासवू देत नाहीत, आणि नको त्या ठिकाणाहून आपले नाव काढायला लावता येते.

करायचे काय?

एक. मुद्रण सुरू करताना पहिले वाक्य आवाजातच घ्या : गाणारी कोण, गाव कोणते, शब्द कुणाचे, चाल कुणाची, तारीख काय, परवाना कोणता. कागद हरवतो, आवाजाला चिकटलेले नाव हरवत नाही. हाच आपला दानलेख.

दोन. गाणाऱ्याला परवान्याचा अर्थ मराठीत समजावून सांगा आणि मगच सही घ्या. नाही म्हणाला तर नाही. संमतीविना खुले करणे ही चोरीच.

तीन. जे आपले नाही ते खुले करू नका. वस्तीवर, हौशी मंडळाने, तिकीट न लावता वामनदादांचे गाणे गायला कायद्याची आडकाठी नाही. पण ते इंटरनेटवर चढवून त्यावर स्वतःचा परवाना लावता येत नाही, कारण शब्द आपले नाहीत. त्यासाठी गीतकारांच्या वारसांना सन्मानाने भेटा. त्यांनी मनात आणले तर २०६५ ची वाट पाहावी लागणार नाही. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख दोघेही १९६९ साली गेले, त्यांचे शब्द १ जानेवारी २०३० ला मोकळे होतील. त्या दिवसाची तयारी आतापासून करा.

चार. गाणे फक्त यूट्यूबवर ठेवू नका. इंटरनेट आर्काइव्ह आणि विकिमीडिया कॉमन्स इथेही तारीख आणि परवान्यासह ठेवा. उद्या खोटा दावा आला तर तीच तारीख तुमचा पुरावा. दाव्याला हरकत घेता येते आणि दावेदाराला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. घाबरून व्हिडिओ काढून टाकू नका.

पाच. जे सार्वजनिक पैशातून मुद्रित झाले ते सार्वजनिक झालेच पाहिजे, अशी मागणी लावून धरा. आकाशवाणी, विद्यापीठे, बार्टी, राज्याचे सांस्कृतिक खाते यांच्याकडे आमच्या शाहिरांचे जे आवाज असतील ते नावासकट, मानधनासकट खुले करा. सरकारच्या भरवशावर मात्र झोपू नका. बाबासाहेबांच्या लेखनखंडांची छपाई रखडली तेव्हा २०२१ साली उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती.

चवदार तळे कायद्याने आधीच खुले होते. १९२३ सालीच मुंबई कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला होता, पाणी तरीही मिळत नव्हते. २० मार्च १९२७ ला माणसे तळ्याच्या पायऱ्या उतरली तेव्हा कागदावरचा हक्क ओंजळीत आला. गाण्यांचेही तसेच आहे. परवाने आहेत, यंत्रे आहेत, प्रत्येकाच्या खिशात मुद्रण करणारा मोबाइल आहे. या १४ एप्रिलला तुमच्या वस्तीवर जो पहिला माइक सुरू होईल, त्यावर गाणाऱ्याचे नाव उच्चारले जाणार आहे की नाही, एवढेच ठरवायचे आहे.

जयभीम! जय शाहीर!

— शिनोली, ता. आंबेगाव, जि. पुणे